चुन्याचे एकवीस दगड

— न्हाई न्हाई सायेब, तिथं नका टेकू, तिथं मुंगळे हायत. परवा एक पावना तिथंच बसलता, इजार झटकत चाकूरपतुर गेला. हिकडं सरका, करंजाखाली. सावलीवर काय माझं नाव लिवलेलं न्हाई. हां. आता बोला. म्या इचारलं व्हतं, कामून आलाव? आन तुम्ही म्हनलाव, फिरायला. ते ऐकलं म्या, कान हायत अजून जाग्यावर. पर फिरायला म्हंजे काय? काय हाय हितं फिरायला? हा तलाव बघा — तलाव म्हनायची बी लाज वाटती. तळाला भेगा पडल्यात, एकेका भेगंत शेळीचं पिल्लू जाईल. मधी ते एवढंसं डबकं, त्याच्या कडेला चार बगळे, कचेरीतल्या कारकुनावानी — काम न्हाई, पर जागा सोडायची न्हाई. त्या तिकडं शेपटाला दलदल व्हती, पानकणीस व्हतं मानसाच्या वर, हिवाळ्यात कुठली कुठली बदकं उतरायची. आता तिथं अनवाणी गेलं तर पायाला फोड येत्यात. लातूरला रेल्वेनं पानी आलं म्हनं, लोक टेसनात बघायला गेलते. ते सोडून तुम्ही हितं, सकाळी सात वाजता, गाडी घेऊन, टोपी घालून — फिरायला. बरं. असंल बाबा. शिकली-सवरली मानसं, फिरत असत्याल.

ते मनगटाला काय बांधलंय? घड्याळ न्हवं ते. घड्याळ कुनी एवढ्यांदा बघत न्हाई. — पावलं मोजतंय? किती झाली? — दोन हजार आठशे. गाडीपासनं हितपतुर? सायेब, हा बांध घातला तवापासनं, चव्वेचाळीस वर्सं, मी ह्याच्यावर ये-जा करून राहिलो, मला म्हाईत न्हाई किती पावलं हायत. कशाला मोजायची? कमी पडली तर कुनी वाढवून देनार हाय का? आमच्या गावात पावलं मोजत येनारा मानूस एकच — मोजनीवाला. हसू नका. मी बी हसूनच बोलतो, समद्या गावाला म्हाईत हाय मलप्पा हसून बोलतो. गावात इचारा — न्हाई, गावात नका इचारू, गावात भलतंच सांगत्याल. सांगत्याल की मलप्पानं नवरदेवाच्या बुटात जिता खेकडा सोडला व्हता. साफ खोटं. मेलेला व्हता. नवरदेव नाचला ते त्याच्या आपल्या गुनानं.

आन ही वही. मघापासनं बघतोय, एक डोळा रानावर, एक डोळा वहीवर, लिवून राहिलाव, लिवून राहिलाव. काय लिवलंय? — पाखरं. कोनची? वाचा बरं. — टिटवी. तुतवार. होला. हं. आता तुम्ही वाचनार आन मी ऐकनार. मला आकडे वळखू येत्यात, सही करता येती, बाकी काळं समदं सारखंच. तुम्ही तिथं लिवलं असंल 'हे रान पडीक हाय, घेऊन टाका', आन मला वाचून दावलं 'होला', तर मला काय कळनार? रागवू नका. रागानं न्हाई बोलत, बघितलेलं बोलतो. लातूर जिल्हा झाला, उस्मानाबादेतनं फुटला, त्या वर्साला बी असाच एक सज्जन आलता. लई चांगला मानूस. गुळाचा चहा प्याला, माझ्या म्हाताऱ्याच्या पाया पडला. वहीत लिवलं, वाचून बी दावलं — पाऊस बरा, पिकं ठीक. म्हैन्याभरात दगडाला चुना लागला आन गायरानाचा तुकडा गेला. गोदाम बांधलं तिथं. कशाचं? कुनाला म्हाईत. वटवाघळं हायत आत, हजारानं. पाखरंच लिवायची तर ती लिवा, जा.

आन आता परत तेच सुरू झालंय. नवा जिल्हा. हॉटेलात बसा, नवा जिल्हा. टँकरच्या रांगेत उभं राहा, बाया एकमेकीच्या घागरी वढत्यात आन मधीच इचारत्यात, कलेक्टर कुठं बसनार गं? कुनी म्हनतंय उदगीर, कुनी म्हनतंय अहमदपूर, कुनी म्हनतंय आपल्याच माळावर क्वार्टर येनार, बाग येनार, तलावाला कट्टा बांधनार, सायबाच्या बायकांना फिरायला. प्यायला पानी न्हाई, पर जिल्हा पाह्यजे. म्हनून इचारतो. टोपी बघून इचारतो. घड्याळ बघून इचारतो. आन ती पिशवी बघून तर — ती, मांडीखाली सरकवली तुम्ही आत्ता. तोंडाला पांढरं लागलंय तिच्या.

— चुना. मला वाटलंच. कशाला? — खुना करायला. कशाच्या खुना? — वाटेच्या. चालनारानं चुकू नये म्हनून. अहो, वाट पायानं पडती, चुन्यानं पडती व्हय? हितं चुना लागतो पानाला, न्हाईतर येळवशीला. — येळवस म्हाईत न्हाई? कुठले तुम्ही? — लातूरला नोकरी. ते झालं, मूळ कुठले? — विष्णुपुरी. नांदेडची. अच्छा, म्हंजे धरनाच्या अगदी दारातले, पानी बघून कट्टाळलेले. तरीच. मंग तुम्हाला येळवस कळायची न्हाई. हिवाळ्यात एक आवस येती आमच्यात. त्या दिवशी गाव मोकळं, कुत्रं बी घरी राहत न्हाई, समदे रानात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच दगड मांडायचे, चुना फासायचा — ते पांडव. त्यांना आंबील-भज्जी दावायची, मंग आपन हानायची, वाटनं जानाऱ्या परक्याला बी धरून आनून जेवू घालायचं. तुम्ही त्या दिवशी आला असता तर एवढे सवाल केले नसते म्या, आधी जेवू घातलं असतं. सांगायचं काय, तर रानात चुन्याचा दगड दिसला की आमच्या बाया हात जोडत्यात आन आमचे गडी भित्यात. पाच असले तर पांडव. जास्ती असले तर मोजनी.

आन तुमचे पाच न्हवते. एकवीस व्हते.

— मला कसं म्हाईत? ऐकलं. कुनीतरी बोलत व्हतं. — बरं, दिसले. दिसनारच की, डोळे हायत मला. आन तुम्ही पयल्यांदा आला न्हाईत हितं, ते बी म्हाईत हाय, म्हनून 'आजोबा, तलाव कुठं हाय' असलं इचारायचं सोंग करू नका. तीन आइतवार झाले. अठरा मानसं. म्या मोजली, सांगितलं ना आकडे येत्यात. गळ्यात दुर्बिनी, गळ्यात बाटल्या, एका गड्यानं तर नाकाला पांढरा मलम लावलता, पांडवावानी. आन जाता-जाता तुम्ही मला सवाल केला — आठवतोय का? मला आठवतोय. तुम्ही म्हनला, "आजोबा, हे होले सकाळी-सकाळी समदे त्या बाजूला कुठं चाललेत?" म्या काय सांगितलं? म्या म्हनलं, लग्न हाय त्यांच्यात. समदे हसले. तुम्ही बी हसलाव. पर तुमची नजर होल्यावरनं हटली न्हाई, ते म्या तवाच हेरलं. होला तहानलेला असला की सरळ जातो, खाली-खाली, कुठं टेकत न्हाई. पिऊन येतो तवा जड असतो, झाडा-झाडाला बसत येतो. ज्याला हे म्हाईत त्याला पानी सापडतं. ऐन दुष्काळात असा सवाल कोन करतो, सायेब? ज्याला टँकर भरून इकायचाय, तो करतो. — पर हितं पानी न्हाई. ते आधीच सांगून ठेवतो. होले काय, खुळे असत्यात, कुठं बी जात्यात.

— काय? दगड हलले? असं म्हनता? हलत्यात. रानातला दगड हाय, त्याला कुनी खिळा ठोकलाय का? गुरं लोटत्यात, शेळ्या खाजवत्यात. आन रानडुकराला तर लई खोड, किडे खायाला दगड उलथतंय. — काढलेला बाण नेमका दुसऱ्या अंगाला वळला? — हुशार असत्यात हिकडची डुकरं. — असं बघू नका. असं नका बघू म्हनतो ना. तुम्ही मास्तर हाव का? ही मास्तराची नजर हाय. माझं शिक्षन दुसरीपतुर झालं आन ह्याच नजरंमुळं थांबलं. — कॉलेजात शिकवता? मंग तीच. बरं बाबा. मी. म्याच हलवले.

आता ऐकून घ्या. शनिवारी दुपारी तुम्ही एकलेच आलता, पिशवी घेऊन. मी ह्याच करंजावर बसलतो. खाली न्हवं, वर. सत्तरीला दोन कमी हायत, पर झाडाला ते कळत न्हाई. वरनं समदं बघितलं. बांधापासनं सुरवात, एकेक दगडाला चुना, वर बोटानं बाण, तिथनं पळसाच्या रानात, पळसातनं घाणेरीत — आन घाणेरीतनं तुमचे दगड कुठं चालले? सरळ घळीच्या तोंडाला. कशाला? घळीत कशाला न्यायची व्हती मानसं? — मोर बघायला. आन मोर घळीत कशाला हायत? इचारलं का स्वतःला? — तेच तर. त्याच्यासाठीच तर हलवले. तुम्ही गेल्यावर खाली उतरलो आन बाराव्या दगडापासनं लोटत, गडगडवत, कमरंचा काटा ढिला झाला, पर वाट अशी वळवली की घाणेरीला वळसा, मंग सुका नाला, मंग चढ, आन चढून वर आलं की परत तोच पळस. घान्याचा बैल फिरतो बघा, तसं. आन दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुढं गेलाव की मी परत झाडावर. तुमच्या टोप्या हिकडनं गेल्या. घटकाभरानं परत हिकडनंच गेल्या. एक चष्मेवाला गडी त्याच बाभळीपुढं तीनदा थांबला आन तीनदा तिचा फोटो काढला, तिन्ही डाव नवल करून. म्या फांदीला मिठी मारून हसलो, पोटात दुखाया लागलं. लई खोड्या केल्या जल्मात, मास्तर, पर अठरा शिकलेली मानसं एका फेऱ्यात घातली, असं कवा जमलं न्हवतं.

मंग ऊन चढलं. मंग हसू कमी झालं. आन परत बांधावर आलाव तवा मोजलं — अठरा गेले, सोळा आले.

ती निळ्या छत्रीची बाई न्हवती. अंगानं जाड, हळू चालनारी. तिच्यासंगं एक बारीक पोरगी व्हती, ती बी न्हवती. सकाळी होल्याचं इचारून, हसून तुम्ही समदे पुढं गेलाव, मंग कुनी माझ्याकडं वळून बघितलं न्हाई, झाडाच्या खोडावानी सोडून गेलाव. तीच एक थांबली. म्हनली, आजोबा, उन्हात कशाला बसता, आन हातावर लिमलेटची गोळी ठेवली. ही बघा. ही. अजून खिशातच हाय, कागदाला चिकटलीय. खाववली न्हाई. — मी झाडावरनं उतरलो का पडलो ते म्हाईत न्हाई. घाणेरीत शिरलो, काटे-कुटे बघितले न्हाईत, हाका मारल्या, ओ छत्रीवाल्या बाई, ओ बाई. नाला बघितला, चढ बघितला. उलट्या बाजूनं बघत-बघत आलो तवर तुमच्या गाड्या गेलेल्या. सोळा बसून गेले का अठरा, कळाया मार्ग न्हाई. कुनाला इचारू? काय म्हनून इचारू? तीन आइतवार झाले, मास्तर, मी सकाळी उठून आधी आभाळात बघतो, घारी कुठं घिरट्या घालत्यात का. आज तुमची गाडी दिसली तवा वाटलं, आले पोलीस. मंग टोपी दिसली, चुना दिसला, तवा म्हनलं बरं झालं, मोजनीवाला परवडला. एवढ्या वेळ बडबडून राहिलो ते कामून? एक सवाल इचारायचा धीर न्हवता म्हनून. ती बाई —

— हाय?

— चालती-बोलती हाय? शाळेत जाती? शिकवती? — थांबा. जरा थांबा. ह्या करंजाचा फुलोरा लई गळतो ह्या दिवसात, डोळ्यात जातो.

हां. झालं. — बसा हो, कुठं उठताव, मुंगळे हिकडं येत न्हाईत. आता तुम्हाला सांगतोच. तुम्ही वाईट मानूस न्हाईत. असाल बी, पर आज न्हाईत. हा तलाव बहात्तरच्या दुष्काळातला, आमच्या हातचा. ह्या बांधाची माती आम्ही वाहिली, मी आन लक्ष्मम्मा. लक्ष्मम्मा म्हंजे आमची घरची. नवीन लगीन झालेलं, ती भालकीकडची, मराठी धड येत न्हवतं, रागावली की कानडीत रागवायची, मला काय कळायचं न्हाई, म्हनून मी अजून चिडवायचो. तिनं माहेरनं एक तांब्याचा तांब्या आनलता, त्याच्यावर तिच्या बापाचं नाव कोरलेलं, कानडीत. त्यातच पानी प्यायची. कामावर दुपारी सुट्टी झाली की त्या तांब्याला कुनी हात लावायचा न्हाई. मंग मला खोड कशी न्हाई येनार? घळीत पान्याचा एक झिरा व्हता, बारीक, मोठ्या दगडाखाली, मला एकट्यालाच म्हाईत. तिथनं एक बेडूक धरला, सोग्यात बांधला आन दुपारी तिच्या तांब्यात सोडला. तिनं तांब्या तोंडाला लावला आन बेडूक डायरेक्ट नाकावर. चारशे मानूस हसलं, मास्तर. भुकेली मानसं, सरकारनं वाटलेली मिलो ज्वारी खाऊन पोट गेलेली, पर हसली. तिनं तो तांब्या माझ्यावर फेकला, म्या वाकलो, तो मागच्या खडीवर आदळला, पोचा पडला, अंगठा मावंल एवढा. समदे हसत व्हते, एक मानूस हसला न्हाई. अण्णाराव. लई जमिनीचा मानूस, गडी मोजायला आलता. तो जवळ आला आन म्हनला, मलप्पा, अरं विहिरीचे तळ कोरडे पडलेत, तू वला बेडूक कुठनं आनलास?

आन मी चोवीस वर्साचा, मिशा पिळलेला, चारशे मानसं माझ्याकडं बघत असलेली. म्या दावला. पुढं हून चालत गेलो, वाट दावत. आठ दिसात तिथं इंजिन बसलं. रात न्हाई दिस न्हाई, धाड-धाड-धाड. बाराव्या दिवशी चिखल वढाया लागलं, तेराव्या दिवशी नुसता वारा. घळीच्या तोंडाला मोर पडलेले बघितले म्या, चोची उघड्या. मुंगसं. एक हरनाचं पाडस, जिभंला माती लागलेलं. सात वर्सं तिथं वल न्हवती. लक्ष्मम्मा आली, बघितलं तिनं, आन तिचं मराठी तवापतुर एवढं झालतं — म्हनली, "तुमच्या तोंडाला झाकण न्हाई." बास. अजून तेच म्हनती. लेकीचं लगीन ठरलं तरी मला शेवटाला सांगितलं.

पर झिरा परत आला, मास्तर. करंगळीएवढा. दिसाला चार घागरी कशाबशा, त्या बी दम धरून. गावाला सांगितलं तर पयल्या दिवशी डोकी फुटत्याल, दुसऱ्या दिवशी पाइप येईल, आन तिसऱ्या दिवशी मोर चोची उघडून पडत्याल. म्हनून सांगितलं न्हाई. कुनालाच न्हाई. लक्ष्मम्माला बी न्हाई, तिला तर मुळीच न्हाई, म्हनंल तुम्हाला कसं काय ठेवता आलं पोटात. सकाळी येतो, दगडाखाली हात घालून वंजळभर पितो, पाला-कचरा काढून टाकतो, आन वठ पुसून घरी जातो. आन घरी गेलं की —

हे मातर कुनाला सांगू नका. घरी गेलं की ती टँकरचं पानी पुढं करती. आधी तांब्यानं द्यायची, आता जर्मनच्या भगुल्यानं देती. आन म्हनती, "तुम्ही प्या. मला तहान न्हाई." रोज. चार म्हैने झाले. ती दोन-दोन तास रांगेत उभी राहती, गुडघे गेलेत तिचे, आन वठाला पानी लावत न्हाई, मला देती. आन मला ते प्यावं लागतं. न्हाई पिलं तर तिला शक येईल, हा कुठं पिऊन आला म्हनून. पोट झिऱ्याच्या पान्यानं गच्च, आन वरनं बायकोच्या वाट्याचं पानी वतायचं. घोट उतरत न्हाई, मास्तर. लई खोड्या केल्या तिच्या, पर एवढी वाईट कवा केली न्हवती. — त्यात तो तांब्या बी गेला. टँकरच्या झोंबाझोंबीत कुनी उचलला म्हनली. तीन आठवडे झाले. मला पक्कं म्हाईत हाय कुनी उचलला, शेजारची साखराबाई. दारात जाऊन बोललो बी तिला, चार मानसात. आता मी दिसलो की दार लावून घेती.

— हूं? काय म्हनला? — बाईला पानी मिळालं व्हतं? कुठं? हितं पानी कुठलं, म्या सांगितलं ना — बरं, आत्ताच सांगितलं हाय, खरं हाय. पर तिला कसं मिळालं? — म्हातारी? कसली म्हातारी? हितं रानात कोन म्हातारी येती, मीच एक खुळा येतो. — घळीत. हूं. हिरवं लुगडं. हिरवं लुगडं कुनी बी नेसतंय, दुकानात ढिगानं पडलेलं असतंय. — बाईचं डोकं मांडीवर घेतलं. तोंडावर पानी मारलं. पोरीच्या हातात भरून दिलं आन रस्त्याला लावून दिली. तुम्हाला दोघी रस्त्यावर सापडल्या. अच्छा, म्हनून सोळा. — आन काय म्हनली ती म्हातारी? कुनाला सांगू नका. बरोबर हाय, कोन बी असंच म्हनंल. — आन? — आमच्या मालकाला तर बिलकुल कळू देऊ नका. त्यांच्या — त्यांच्या काय?

त्यांच्या तोंडाला झाकण न्हाई.

— समद्याच बाया म्हनत्यात तसं. त्यात काय. आमच्या गावात तर घरोघर हेच. त्याच्यावरनं काय कळत न्हाई. तुम्ही मास्तर लोक, एक गोष्ट ऐकली की दुसरीला नेऊन जोडता. — काय काढताव पिशवीतनं? कशाला आलता म्हनला? — परत द्यायला.

दावा.

... ही कानडी अक्षरं मला वाचता येत न्हाईत. मराठीच येत न्हाईत, कानडी कुठली. पर हे बघा. हा अंगठा. पोच्यात बरोबर बसतोय.

— थांबा. बोलू नका. मोजू द्या. — चार म्हैने. चार म्हैने ती म्हनती, मला तहान न्हाई. ... न्हाईच व्हती की. आन मी समोर बसून वठ कोरडे करून दावतो, जीभ बाहेर काढतो. ती बघती माझ्याकडं, तोंडाला पदर लावून. मला वाटायचं रडती. — आन साखराबाई. बिचारी साखराबाई. चार मानसात.

— घाला. घाला तो पिशवीत. चुन्यात असू द्या, काय हुत न्हाई, घाला म्हनतो ना. ती येऊन राहिली. वळून बघू नका. बांधावर. डोक्यावर घागर. कुठनं येऊन राहिली बघितलं? गाव हिकडं हाय, मास्तर, घळ तिकडं, आन टँकर गावात येतो. रोज म्हनायची, बांधाच्या वाटेनं सावली लागती म्हनून हिकडनं येते. बांधावर हे एक करंज सोडलं तर सावली कसली? चव्वेचाळीस वर्सं बसलोय मी हितं, माझ्या डोक्यात कवा आलं न्हाई. — ऐका. आधी गाडीकडं जा, मंग वळसा घालून घळीत. जागा बाईनं सांगितली असंलच. तांब्या दगडावर ठेवा, तिला दिसंल असा. तिला वाटू दे, बाईनंच आनून ठेवला. मला म्हाईत न्हाई. तुम्हाला म्हाईत न्हाई. आन मानसं आनायची तर तलावापतुर आना, बगळे दावा, घळीकडं एक दगड लावू नका. वहीत लिवा, होला. कुठं चाललेत ते नका लिवू. आन मला वाचून दावू नका, मला कळनार न्हाई. लिवलं म्हनता, तर लिवलं. — गप आता.

— आलीस का गं? मिळालं पानी? — टँकर आलता व्हय. हार्न ऐकू आला न्हाई मला. कान गेले आता माझे. — हे? मोजनीवाले हायत, नव्या जिल्ह्याचे. काय न्हाई, इचारायला थांबलते, निघाले. — न्हाई, नको. खाली ठेव घागर, दम घे. तू पी आधी. — पी म्हनतो ना. मला तहान न्हाई.

— काय बघून राहिलाव, सायेब? निघा. ऊन व्हतंय. हितं काय न्हाई फिरायला.